काळ्या केसांचा पायगुण

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही नकाशात बघायला जाल आणि ते तुम्हाला दोनदा सापडेल. एकदा स्कॉटलंडमध्ये, जिथे ते मुळात होतं. आणि एकदा इथे ओंटारियोत, ग्वेल्फच्या पुढे, जिथे त्या लोकांनी ते पेटीत घालून आणल्यासारखं पुन्हा मांडलं. मी या दुसऱ्या गावात राहते. एक मुख्य रस्ता, एक दगडी चर्च, एक पूल, आणि पुलाखाली चुनखडीच्या कड्यांमधून जाणारी चहाच्या रंगाची नदी. घरं त्याच चुनखडीची, जाड भिंतींची, लहान खिडक्यांची. समोरून बघितलं तर वाटतं, घर डोळे बारीक करून आपल्याकडे बघतंय. गावाबाहेर पडलं की ओटची शेतं, मेंढ्या, आणि शेतातून वेचून काढलेल्या दगडांचे बांध. उन्हाळ्यात एक दिवस सगळे पुरुष चौकड्यांचे घागरे घालून मैदानात जमतात, बॅगपाइप वाजवतात आणि झाडाचे ओंडके फेकतात. बाकीचं वर्षभर कोणी कोणाच्या अंगावर काही फेकत नाही, पण अंगाशीही येत नाही.

मुलगा रिचमंड हिलला असतो. त्याचे वडील गेल्यापासून त्याचा एकच धोशा आहे: हे घर विकायचं आणि मी त्याच्याकडे, बेसमेंटमध्ये राहायला जायचं. "बेसमेंट म्हणू नकोस ना आई, इट्स अ सूट." सूट म्हण नाहीतर तळघर म्हण, खिडकीतून शेजाऱ्यांचे बूट दिसतात, एवढं मला ठाऊक आहे. थँक्सगिव्हिंगला आला तेव्हा जेवता जेवता त्याने शेवटचं विचारल्यासारखं विचारलं.

"इथे तुझं आहे कोण?"

"अख्खं गाव आहे."

"नेम वन पर्सन, आई. एक माणूस सांग, जो तुझ्या घरी येतो."

मी पोळीचा तुकडा मोडत बसले. तुकड्याचेही तुकडे झाले.

"न्यू इयरला सकाळी येतो," तो म्हणाला. "तोपर्यंत ठरव. हो म्हणालीस तर जानेवारीत एजंटला बोलावू."

अख्खं गाव आहे, असं माझ्या तोंडून का निघालं हे सांगायचं तर मला एका बाईची ओळख करून द्यावी लागेल. ती बाई म्हणजे मीच, तिशीतली. मी तिला बाईसाहेब म्हणते. दुसरं काही म्हणवत नाही.

बाईसाहेब मूळच्या सांगलीच्या, दिल्या कराडला. माप ओलांडून सासरी आल्या आणि आठवड्याच्या आत सासऱ्यांची बदली गडचिरोलीला झाली. पाटबंधारे खात्यात बदल्या व्हायच्याच, पण सासूबाईंनी खात्याला बोल लावला नाही. गवार मोडता मोडता, मला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची आहे." पुढे घरात मिक्सर जळला, म्हैस आटली, नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं, की त्या नुसत्या माझ्या पावलांकडे बघायच्या. मीही बघायचे. गव्हाळ होती, बरी होती.

हे शेतकी कॉलेजात शिकलेले, ओटवर संशोधन करायला ग्वेल्फला आले. ओट म्हणजे आमच्याकडे घोड्याचा खुराक. "घोड्यांसाठी इतक्या लांब जाताय?" माझ्या आईने विचारलं होतं. ग्वेल्फमध्ये भाडं परवडेना, म्हणून या गावात हे जुनं दगडी घर घेतलं. बाईसाहेबांनी विमानातच ठरवलं होतं की पायगुणाची भानगड आता सातासमुद्रापलीकडे राहिली. शिकलेले गोरे लोक. यांच्यात कुठला आलाय पायगुण?

पहिलाच डिसेंबर. समोरच्या घरातल्या बाई बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. त्यांच्या पणज्याने म्हणे गावाचा पूल बांधला होता, आणि हे त्यांनी बूट काढायच्या आत सांगितलं. तोवर आमच्याकडे कोणी आलेलं नव्हतं. बर्फ शोव्हल करताना हात वर करायचे, तेवढंच. बाईसाहेबांनी चहा टाकला, लाडू काढले, खुर्चीवरची कपड्यांची चळत बेडरूममध्ये भिरकावली. समोरच्या बाई चहा पिता पिता यांच्या डोक्याकडे बघत होत्या. यांचे केस तेव्हा असे होते, की केरात पडलेला एक केससुद्धा ओळखू यायचा. दाट, काळेभोर, कपाळावर येणारे.

"किती काळे आहेत हो तुमचे केस!" त्या यांना म्हणाल्या. "सगळ्या गावात असे नाहीत कोणाचे."

मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. नव्या वर्षात घराच्या उंबऱ्यावर पहिलं पाऊल ज्याचं पडेल, त्याच्यावर घराचं वर्ष ठरतं. तो पुरुष असावा, परका असावा, आणि केसांनी काळा असावा. हातात कोळशाचा खडा, मीठ, फळांच्या केकचा तुकडा आणि व्हिस्कीची लहानशी बाटली घेऊन त्याने पुढच्या दाराने यायचं आणि कोळसा शेगडीत टाकायचा. खरं म्हणजे हे मध्यरात्री बारा वाजता करायचं. पण आमचं गाव नऊला झोपणारं, म्हणून त्यांनी ते सकाळवर ढकललं होतं.

"आणि लाल केसांचा आला तर?" यांनी विचारलं. शास्त्रज्ञ माणूस, त्यांना उलटी बाजूही तपासून बघायची असायची.

समोरच्या बाईंनी नुसती मान हलवली. लाल केसांचा पहिला आला तर त्या वर्षी घरातला माणूस जातो, असं त्यांची आजी म्हणायची.

"आणि बाई आली तर?" बाईसाहेबांनी विचारलं.

"बाई तर नकोच," त्या गोड हसून म्हणाल्या. "तुम्ही मागून या हं, डिअर. ते आत गेल्यावर."

त्या गेल्यावर हे पुस्तकात डोकं घालून बसले. जुन्या काळी पिवळ्या-लाल केसांचे लोक बोटींतून यायचे आणि स्कॉटलंडचे किनारे लुटायचे, म्हणून तसल्या केसांचा माणूस दारात अपशकुनी. असं काहीसं त्यांना सापडलं.

"आणि काळ्या केसांचे?"

"काळ्या केसांचे त्यांना लुटायला कधी गेलेच नाहीत," हे म्हणाले. "झालं ते उलटंच."

बाईसाहेबांना विनोद कळला नाही. त्या कराडला फोन लावण्यात गुंतल्या होत्या. "सासूबाई, तुमच्या मुलाचा पायगुण इथे कॅनडात गाजतोय!"

"त्याचा असणारच," पलीकडून आवाज आला. "तू मात्र मागं राहत जा गं बाई."

तर अशी त्या नव्या वर्षाची सकाळ. उणे वीस. हे पुढे, हातात कोळसा. समोरच्या घराचं दार उघडलं, आतून आरोळी उठली, हे आत गेले, दार लागलं. आणि बाईसाहेब त्यांच्या ड्राइव्हवेवर, बर्फात, चिवड्याचा डबा छातीशी धरून उभ्या. आत लगेच बोलावतील असं वाटलं होतं. पण आत आधी कोळसा, मग मीठ, मग व्हिस्की, मग गाणं. पायाची बोटं जातात की राहतात असं झालं तेव्हा दार पुन्हा उघडलं. "अगंबाई, तुम्ही होय! या या!" आणि या बाईने, सासूने मागे राहा म्हटल्यावर रात्रभर उशी भिजवणाऱ्या या बाईने, काय करावं? ती हसली. मनात म्हणाली, आपण आता यांच्यातले झालो.

मूर्ख. सपशेल मूर्ख. पण गोड होती दिसायला, तेवढं मान्य करायला हवं.

पुढच्या वर्षी आणखी घरांची बोलावणी आली. चर्चजवळचं घर, पुलाजवळचं घर, मेंढ्यांच्या शेतावरचं लांबचं घर. डिसेंबर लागला की बाईसाहेब टोपली सजवायला घ्यायच्या. कोळसा खरा लागायचा, बार्बेक्यूचा चालायचा नाही. तो समोरच्या बाई द्यायच्या. केक बाईसाहेब घरी करायला शिकल्या. काळाकुट्ट, विटेसारखा, पोटात मुक्कामाला येणारा. सोबत बेसनाचे लाडू. घागऱ्यांच्या कापडाची एक शालही घेतली. दुकानदाराला विचारलं नाही, हिरवा चौकडा इरकलीसारखा वाटला म्हणून घेतली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुम्ही या घराण्याच्या कशा?" तेव्हा कळलं की प्रत्येक चौकडा एकेका घराण्याचा असतो. बाईसाहेब म्हणाल्या, "आईकडून."

यांना मात्र हे सगळं मनापासून नको असायचं. एकतर माणूस लाजाळू. त्यातून सुट्टीचा दिवस, मुलगासुद्धा आम्ही परत येईपर्यंत झोपलेला.

"अगं, बाहेर काय थंडी आहे! मला झोपू दे."

"उठा. लोक वाट बघतायत. तुमच्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाहीये."

"मी काय नंदीबैल आहे का, दारोदार मान हलवत फिरायला?"

"असाल. पण मानाचे नंदीबैल आहात."

आणि खरोखर, गुबुगुबु वाजवत बैलामागून चालणाऱ्या बाईसारखी मी यांच्यामागून चालायचे. प्रत्येक घरी बाहेर थांबायचे. थांबायच्या जागासुद्धा ठरून गेल्या होत्या. पुलाजवळच्या घरी वारा लागू नये म्हणून गॅरेजच्या आडोशाला, शेतावरच्या घरी मेंढ्यांच्या गोठ्यात. मेंढ्या माझ्याकडे बघायच्या. त्यांना माझ्या पायाबद्दल काही तक्रार नव्हती.

बाकी वर्षभरात या घरांनी आम्हाला कितीदा जेवायला बोलावलं? हा प्रश्न बाईसाहेबांना कधी पडला नाही. मी आता विचारते, तर ती इकडेतिकडे बघते.

मग यांचे केस पिकायला लागले. आधी कानांवर, मग भांगात. यांना त्याचं काही नव्हतं. उलट लॅबमधले लोक आता यांचं जास्त ऐकतात, असं म्हणायचे. बाईसाहेबांची झोप उडाली. काळा रंग आणून एकदा लावून बघितला, तर यांच्या डोक्याची कातडी सुजून कपाळ डोळ्यांवर आलं. डॉक्टरने सक्त मनाई केली. नोव्हेंबरमध्ये समोरच्या बाई ड्राइव्हवेवर भेटल्या आणि हसत हसत म्हणाल्या, "जरा बर्फ पडलाय की काय तुमच्या डोक्यावर?" हे हसले. मला मात्र ती सूचना वाटली.

मेहंदी! बाईसाहेबांना साक्षात्कार झाला. सांगलीला माझी आत्या मेहंदी लावायची, तिचे केस छान काळसर दिसायचे. आत्याकडे रात्रभर लोखंडी कढईत भिजायची, तिच्यात कात, कॉफी आणि आणखी कायकाय असायचं, आणि मुळात आत्याचे केस निम्मे काळेच होते; हे सगळं बाईसाहेबांच्या लक्षात असायला हवं होतं. पण नव्हतं. ब्रॅम्प्टनहून कोणीतरी आणलेलं पाकीट, नॉनस्टिक भांडं आणि चहाचं पाणी. एकतीस डिसेंबरला दुपारी यांना वर्तमानपत्रावर बसवून सगळ्या डोक्याला थापली.

"अगं, पण लाल होणार नाही ना?"

"गप्प बसा हो. हललात तर कानाला लागेल."

धुतल्यावर काय झालं ते सांगते. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावतात ना, तसं. जिथे काळे होते तिथे काळे, आणि जिथे पिकले होते तिथे, म्हणजे कपाळावर, कानांवर, बरोबर दिसतील तिथे, पेटलेले. शांपूने धुतलं, लिंबाने धुतलं, भांड्याच्या साबणाने धुतलं. प्रत्येक धुण्यागणिक रंग खुलत गेला.

हे आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आता बैल पूर्ण झाला."

"आपण उद्या जायचं नाही," मी म्हणायला हवं होतं. बाईसाहेब म्हणाल्या, "लोकरीची टोपी घाला. काढू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचं दार उघडलं. त्या दिवशी त्यांनी मला लवकर आत घेतलं नाही, म्हणून पुढचं मला बाहेरून, काचेतून दिसलं. हे उंबऱ्याच्या आत गेले, आणि कराडच्या मास्तरांनी लावलेल्या वळणाप्रमाणे, वडीलधाऱ्या बाईसमोर यांनी टोपी काढली.

समोरच्या बाईंचा हात हवेतच राहिला. त्यांचा नवरा शेगडीजवळच्या खुर्चीत बसला होता. मोठा हसरा माणूस. तो यांच्या डोक्याकडे बघून इतका हसला, इतका हसला, की त्याला ढास लागली आणि कोणीतरी पाणी आणायला धावलं. हे कोळसा हातात धरून तसेच उभे. कोळसा कुठे टाकायचा तेसुद्धा कोणी सांगेना.

मार्चमध्ये तो माणूस गेला. हृदयाचा जुना आजार होता, सगळ्या गावाला माहीत होता. समोरच्या बाई आम्हाला कधी एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. हे लोक बोलत नाहीत. सासूबाई परवडल्या, त्या निदान गवार मोडता मोडता म्हणायच्या.

डिसेंबर आला. टोपली सजली. कोळसा आला नाही. बाईसाहेब खिडकीतून बघत बसल्या: आज येतील, उद्या येतील. नव्या वर्षाच्या सकाळी समोरच्या दारात एक इटालियन दातांचा डॉक्टर उभा होता. ग्वेल्फहून नवाच राहायला आलेला, काळ्या कुरळ्या केसांचा. त्याची बायको ड्राइव्हवेवर थांबलेली. लांब कोटात, हातात काहीतरी झाकलेलं, चेहऱ्यावर माझंच हसू.

मी आत येऊन रडले. हे दहा वाजेपर्यंत झोपले होते, कितीतरी वर्षांनी. उठून चहा घेताना म्हणाले, "अगं, त्यांना मी नकोच होतो. माझं डोकं हवं होतं. तेसुद्धा बाहेरून."

त्यानंतर एकदा आम्ही ते मूळ गाव बघून आलो. स्कॉटलंडचं. माझाच हट्ट. वाटलं, तिथे सगळं खरं असेल. टेकड्यांवर एक झाड नाही. नुसतं गवत, वारा आणि ओल्या मेंढ्या. दगडी घरांची एक ओळ, बसथांबा, बंद पडलेली शाळा, तळलेल्या माशांचं दुकान. आमच्या गावात जे आहे त्याच्या निम्मंही तिथे नव्हतं. घागरा घातलेला माणूस तर दिसलाच नाही. बसथांब्यावर एक म्हातारा बसला होता. बाईसाहेब, वय झालं तरी बाईसाहेबच, त्याला सांगायला लागल्या, आम्ही कॅनडातल्या याच नावाच्या गावचे, तिथे अजून सगळं पाळतात, पहिलं पाऊल, कोळसा, मीठ.

म्हातारा म्हणाला, "कोळसा? आम्ही टीव्ही बघतो."

हे इतके हसले की टोपी वाऱ्यावर उडाली. तोवर त्यांचं सगळं डोकं पांढरं झालं होतं. परत विमानात बसेपर्यंत आठवून आठवून हसत होते. मला हसू आलं ते हे गेल्यानंतर, एकटी असताना, आणि मग ते काही कामाचं नव्हतं.

ते गेले तेव्हा गावाने रीतसर सगळं केलं. अंड्याची सँडविचेस आली, पास्त्याचे ट्रे आले. बाजूच्या दाराने आले, बाजूच्या दाराने गेले. दुःखाच्या घरी पुढच्या दाराने कोणी येत नाही म्हणतात. पुढचं दार त्यानंतर उघडलंच नाही. बर्फाने त्याची कडी धरून ठेवली.

तर यंदाची नव्या वर्षाची सकाळ. मुलगा येणार, आणि मला उत्तर द्यायचं. मी लवकर उठले, केस विंचरले, सगळे पांढरे, आणि मनात एक गंमत आली. म्हटलं, जायचं तर जाऊच. पण जाण्याआधी या गावाला माझा पायगुण दाखवून जाऊ. बाई, त्यातून विधवा, त्यातून पांढऱ्या केसांची, पांढऱ्या पायाची. इकडचे तिकडचे सगळे अपशकुन एका अंगावर. सगळ्या घरांत पहिलं पाऊल माझं. होऊ दे एकेकाचं वर्ष.

टोपली काढली. मीठ, केक, लाडू. कोळसा बार्बेक्यूचाच घेतला. वाईटच करायचंय, मग खरा कशाला?

पुलाजवळच्या घरी आता टोरंटोहून आलेलं एक तरुण जोडपं राहतं. दोघंही घरी बसून कॉम्प्युटरवर कामं करतात. मी बेल वाजवली आणि दार उघडताक्षणी, विचारायच्या आत, पाय आत ठेवला. ती मुलगी बघतच राहिली. मग तिने दोन्ही हात गालांवर नेले.

"ओ माय गॉड, धिस इज सो स्वीट! तुमच्या इंडियातली ट्रॅडिशन का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मागे, शेगडी होती तिथे आता टीव्ही. "हो," मी म्हणाले.

"आणि हा कोळसा कशासाठी?"

"बार्बेक्यूला."

तिने मला मिठी मारली. चर्चजवळच्या घरी फोटो काढला. तिसऱ्या घरात कुत्र्याने लाडू खाल्ला आणि घरच्या माणसाने त्यात कुत्र्यांना बाधणारे बेदाणे आहेत का एवढंच घाबरून विचारलं. नव्हते. कोणाचा चेहरा पडला नाही. कोणी दार ओढून घेतलं नाही. ज्या रीतीने मला इतकी वर्षं गोठ्यात उभं केलं, ती रीत या गावात आता कोणाला माहीतच नव्हती. एवढ्या घरांत मी एकटीच स्कॉटिश उरले होते.

रिकाम्या टोपलीने परत येताना समोरच्या घराचा पडदा हलला. ती अजून होती. नव्वदीला टेकलेली, वॉकर धरून, खिडकीत उभी. तिने माझ्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि बोट हलवलं: नाही. मग हळूहळू दारापर्यंत आली. बाहेरचं काचेचं दार लावलेलंच ठेवून, आतलं दार फटीएवढं उघडून बोलली.

"थांब. अजून कोणी आलेलं नाही."

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! अख्ख्या गावात कोणीतरी एक मला अपशकुनी मानणारं उरलं होतं.

"तुमचा इटालियन कुठे गेला?" मी काचेतून विचारलं.

"फ्लोरिडाला. हिवाळाभर तिकडेच असतो."

"आणि त्याचे केस?"

"ते आधीच गेले."

आम्ही दोघी काचेच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. तिचा श्वास काचेवर येत होता, माझा बाहेरून. एवढ्यात मुलाची गाडी वळली. म्हातारीचे डोळे लकाकले.

"तुझा मुलगा! डोकं अगदी बापाचं आहे. त्याला पाठव, पाठव ना आत."

मी त्याला हाक मारली, थोडक्यात सांगितलं. टोपलीच्या तळाशी कोळशाचा एक तुकडा राहिला होता, तो त्याच्या हातात दिला. त्याचा चेहरा उजळला.

"रिअली? दे वाँट मी? आई, हाऊ नाइस! तू कधी सांगितलंच नाहीस. दीज पीपल रिअली लव्ह अस."

बाईसाहेब. जशाच्या तशा. फक्त दाढी.

तो पायऱ्या चढला, काचेचं दार उघडलं. आणि इथे बालवाडीपासून शिकवलेलं असतं तसं, दार हाताने धरून, तो बाजूला झाला. "आफ्टर यू, आई."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मी म्हातारीकडे. तिच्या तोंडाचा आ झाला होता. "नाही, तू आधी हो," एवढंच मला म्हणायचं होतं. जन्मभर म्हटलेलं वाक्य, तोंडात तयार.

मी पाय उचलला आणि आत ठेवला. दुसराही ठेवला. बूट पायपुसण्यावर नीट आपटून बर्फ झाडला.

म्हातारीने माझ्या बुटांकडे बघितलं.

"झालं," म्हातारी शेवटी म्हणाली. "गेलं माझं वर्ष."

"माझंही," मी म्हणाले. "चहा आहे का?"

"तुझाच तुला करून घ्यावा लागेल."

करून घेतला. तिला दिला. मुलगा कोळसा हातात धरून विचारत होता, धिस गोज व्हेअर? कोणी सांगितलं नाही.

रस्ता ओलांडून घरी येताना त्याने विषय काढलाच. "सो, आई? एजंटला फोन करू?"

"नको."

"बट व्हाय? आत्ता तूच बघितलंस, शी डिडन्ट इव्हन वाँट यू..."

समजलं होतं तर त्याला. उशिरा का होईना.

"म्हणूनच," मी म्हणाले. "आता तिच्या वर्षात काय काय होतं ते बघायला समोर कोणीतरी राहायला हवं की नको?"

त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. वडिलांसारखी.

"उभा राहू नकोस नुसता. शोव्हल घे," मी म्हटलं. "पुढच्या दारासमोरचं साफ कर. ते उघडायचंय."